फ्रेंच ब्राँझमधली देवमंडळी : सही नंतर, आधी बोटं बघा

एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच ब्राँझ घ्यायला निघालेला माणूस मूर्ती हातात आली की आधी बैठकीवर सही शोधतो. ‘बारी’ हे शिल्पकाराचं किंवा ‘बार्बेदिएन’ हे मूर्ती ओतणाऱ्या कारखानदाराचं नाव दिसलं की त्याच्या मनात किंमत ठरून जाते. पण या मालात सगळ्यात स्वस्तात उतरणारी गोष्ट सहीच असते. अक्षरं साच्यातून फुकट येतात. बोटांची पेरं, पंखातली पिसं आणि पापणीची कड तशी येत नाहीत, त्यांना कारागिराचे तास लागतात. म्हणून खालच्या ग्रीक-रोमन पुराणांतल्या मंडळींना, म्हणजे देवदूत मर्क्युरी, शिकारीची देवी डायना, वीर थीसियस आणि रानदेव पॅन यांना गुण देताना सहीचा नंबर शेवटचा धरला आहे.

आधी हा माल बनला कसा ते बघू. १८३६च्या सुमारास आशील कोलास याने शिल्पाची लहान प्रत काढणारं यंत्र तयार केलं. त्याच्या एका टोकाची बोथट सुई मूळ शिल्पावरून फिरते आणि दुसऱ्या टोकाचं पातं तीच हालचाल ठरलेल्या प्रमाणात लहान करून प्लास्टरच्या ठोकळ्यावर कोरतं. १८३८मध्ये फेर्दिनां बार्बेदिएन त्याचा भागीदार झाला आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मिलोची व्हीनस ही प्राचीन मूर्ती दिवाणखान्यात मावेल अशा निरनिराळ्या उंचींत विकली जाऊ लागली. मागणी आहे तोवर ओतत राहायचं, असा तो सरळ व्यापार होता. आठ क्रमांकित प्रती आणि चार कलाकार-प्रती एवढ्यांनाच ‘मूळ’ मानायचं, हा फ्रेंच नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्यामुळे १८८०ची म्हणून दाखवलेल्या डायनावर ‘३/८’ कोरलेलं असेल तर खूश होऊ नका, संशय घ्या. बैठकीच्या आतल्या बाजूला ठोकलेले किंवा रंगाने लिहिलेले सुटे आकडे मात्र वेगळे. ते बहुतेक वेळा ओतशाळेच्या हिशोबाचे आणि भाग जुळवण्यासाठीचे असतात. ते दिसले तर बरंच.

या मूर्ती बहुतांशी वाळूच्या साच्यात ओतलेल्या असतात, मेणाच्या नव्हे. आधी ब्राँझचाच एक उत्कृष्ट ‘मुख्य नमुना’ बनवायचे, सुटा करता येईल असा: धड वेगळं, हात वेगळे, पंख वेगळे. एकेक भाग लोखंडी चौकटीतल्या बारीक, किंचित चिकणमातीच्या वाळूत दाबून साचा घ्यायचा, आत वाळूचा गाभा लटकवायचा आणि धातू ओतायचा. थंड झाल्यावर नळ्या-नाळी कापायच्या, बारीक छिद्रं बुजवायची आणि भाग एकमेकांत बसवायचे. या बसवणीला रोमन सांधा म्हणतात. एका भागाचा निमुळता गळा दुसऱ्याच्या खोबणीत जातो, आडवी खीळ ठोकली जाते आणि वरची कड हातोडीने दाबून एकजीव केली जाते. चांगल्या ओतशाळेत हा सांधा दंडातल्या कड्याखाली, वस्त्राच्या काठाखाली किंवा छातीवरच्या पट्ट्याखाली लपवलेला असतो. नख फिरवून बघा: रेघ नखाला लागली नाही पण तिरप्या उजेडात केसासारखी दिसली, तर काम जुनं आणि चोख. सांध्याभोवती धातूचा फुगवटा आणि त्यावर वेगळ्या छटेचा रंग असेल तर हात कधीतरी निखळला होता आणि नंतर डाग देऊन चिकटवला आहे.

नकल ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे माप. ब्राँझ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. एखाद्याने जुन्या ब्राँझवरूनच नवा साचा घेतला तर निघणारी मूर्ती तेवढी लहान भरते. ४६ सेंटिमीटरची मूर्ती जवळपास पाऊण सेंटिमीटर घटते. नकल करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो बैठक थोडी जाड करून एकूण उंची बरोबर आणतो. त्यामुळे एकूण उंची कधी मोजू नये. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत, एका कोपरापासून दुसऱ्या कोपरापर्यंत अशी शरीरावरची दोन पक्की ठिकाणं धरून कॅलिपरने मोजावं आणि खात्रीच्या प्रतीशी ताडावं. बारीच्या बाबतीत लूव्र आणि बाल्टिमोरचं वॉल्टर्स संग्रहालय यांच्याकडे मोठे संग्रह आहेत, त्यांच्या नोंदींतली मापं तुलनेची सुरुवात म्हणून कामाला येतात. फक्त एक पथ्य पाळा: तुमची मूर्ती त्याच आकाराच्या आवृत्तीतली आहे ना, हे आधी पक्कं करा. एकाच शिल्पाच्या तीन-चार उंचीच्या आवृत्त्या असायच्या.

वजनावरून पारख करणाऱ्यांचं ऐकू नका. ‘जड आहे म्हणजे ब्राँझ’ हे बाजारातलं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात निरुपयोगी वाक्य. जस्ताच्या मिश्रधातूची घनता ७.१च्या आसपास, ब्राँझची ८.८च्या आसपास. फरक आहे, पण भिंतीची जाडी कमी-जास्त झाली की हाताला तो कळत नाही. उलट वाईट ओतकाम जाड आणि जड असतं, चांगलं फ्रेंच काम पातळ असतं. लोहचुंबकही इथे काही सांगत नाही, कारण तो जस्तालाही चिकटत नाही आणि ब्राँझलाही. जस्ताचा माल, ज्याला फ्रेंच व्यापारी रेग्यूल म्हणतात, तो ओळखायचा तर मूर्ती उलटी करून आत बघा. ब्राँझचा आतला भाग तपकिरी-पिवळा, वाळूचा खरखरीत ठसा घेतलेला असतो. रेग्यूलचा राखाडी, गुळगुळीत. कडेला जिथे रंग आधीच उडाला आहे तिथे पिवळी-तांबूस झाक दिसते की शिशासारखी पांढरट, तेही बघा. विक्रेत्याची परवानगी नसताना ओरखडा काढू नका. बैठकीच्या तळाची कड पुरेशी बोलते. मोरो कुटुंबातल्या शिल्पकारांच्या नावाने फिरणाऱ्या अप्सरा आणि पंखवाल्या मुली यांतला बराच माल रेग्यूलचा आहे. शोभेला वाईट नाही, पण घोटा किंवा मनगट मोडलं की ते नीट जोडणं जिकिरीचं असतं. ब्राँझच्या भावात तो घेऊ नये.

आता एकेक देव.

सगळ्यात जास्त दिसणारा उडता मर्क्युरी मुळात फ्रेंच नाहीच. फ्लोरेन्समध्ये काम करणाऱ्या जांबोलोन्याचं हे सोळाव्या शतकातलं शिल्प, पण फ्रेंच ओतशाळांनी त्याच्या लहान प्रती इतक्या काढल्या की तो त्यांचाच वाटावा. वाऱ्याचा देव झेफिर तोंडाने फुंकर मारतोय आणि त्या फुंकरीवर एका पायाच्या चवड्यावर मर्क्युरी तोललेला. अख्ख्या मूर्तीचा भार त्या एका घोट्यावर येतो, आणि दोष नेमका तिथेच सापडतो. मूर्ती टेबलावर ठेवून डोळ्याच्या रेषेत आणा आणि तिच्याभोवती फिरा. घोटा वाकलेला असेल तर मर्क्युरी पडायच्या बेतात दिसतो; शिल्पातला तोल सुटला की उड्डाणही संपलं. दुसरी तपासणी मर्क्युरीच्या हातातल्या दंडाची, म्हणजे दोन साप गुंडाळलेल्या काठीची. सापांचा तो दंड सुटा बसवलेला असतो, हरवतो, आणि त्याच्या जागी पितळेची कुठलीही काडी येते. सापांच्या अंगावर खवल्यांचं छिन्नीकाम आहे का ते बघा. नसेल तर तो नंतरचा. वर उचललेलं बोटही असंच: मोडून बुजवलेलं बोट नेहमी थोडं आखूड आणि टोकाला गोल असतं. बऱ्याच मर्क्युरींचा मागे केव्हातरी दिवा झालेला असतो, त्यामुळे हातात किंवा डोक्यावर वायरीसाठी पाडलेलं भोक भरलेलं सापडतं. माझं मत स्पष्ट आहे. अतिशय चांगला मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा. मध्यम दर्जाचा मर्क्युरी ढिगाने आहे.

मर्क्युरीच हवा असेल तर फ्रान्स्वा रूदचा बघा: अर्गस या राक्षसाचं डोकं उडवून पुन्हा उडायच्या तयारीत पायाचे पंख बांधणारा. प्लास्टर १८२७चं, ब्राँझ १८३४चं, आता लूव्रमध्ये. इथे शरीर वाकलेलं, नजर वर, आणि सगळं वळण पाठीतून जातं. हा मागून बघायचा पुतळा आहे. पाठीच्या कण्याची खोल रेघ आणि फासळ्यांची चढ-उतार स्वच्छ असेल तर बाकीचं काम सहसा चांगलंच निघतं. पाठ सपाट असेल तर समोरून कितीही देखणा असो, तो थकलेल्या साच्यातला आहे.

झां-आंत्वान ऊदाँची डायना धावते. तिची ब्राँझ आवृत्ती लूव्रमध्ये आहे, १७९०ची. अंगावर वस्त्र नाही, केसांत चंद्रकोर, हातांत धनुष्य आणि बाण. एकोणिसाव्या शतकात तिच्या लहान प्रती अनेकांनी काढल्या. चंद्रकोरीची टोकं, धनुष्याची दोरी आणि बाण या तीन गोष्टी जुन्या असणं दुर्मीळ. त्या नसल्या तर फार बिघडत नाही, पण विक्रेत्याने ‘परिपूर्ण’ म्हणून भाव लावू नये. खरी परीक्षा चेहऱ्याची. ऊदाँच्या हातात डोळे विलक्षण असत. या डायनाच्या वरच्या पापणीची कड लहान प्रतीतही धारदार राहायला हवी. पापणी आणि डोळा एकमेकांत विरघळलेले असतील तर आकाराने मोठी आणि सहीने सजलेली प्रत असली तरी ती परत ठेवा. आलेक्सांद्र फाल्गिएरची १८८२ची डायना वेगळ्या स्वभावाची: उभी, बाण नुकताच सुटलेला, आणि चेहरा सरळसरळ पॅरिसमधल्या तरुणीचा. तिएबो ओतशाळेच्या प्रती बहुधा नीट उतरलेल्या असतात. तिचा अर्धपुतळाही मिळतो. कमी जागेत आणि कमी पैशांत चांगलं छिन्नीकाम हवं असेल तर अर्धपुतळा शहाणपणाचा.

शिल्पकार क्लोदियाँच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बॅकॅन्टे (मद्यदेवाच्या मागे नाचणाऱ्या स्त्रिया) आणि सॅटर (बोकडपायाचे रानपुरुष) यांच्याबद्दल सावध करणं भाग आहे. क्लोदियाँ १८१४ साली वारला आणि त्याचं नाव झालं ते भाजलेल्या मातीच्या कामाने. ‘क्लोदियाँ’ असं कोरलेलं ब्राँझ जवळजवळ नेहमी एकोणिसाव्या शतकात त्याच्या धर्तीवर बनलेलं असतं. ते लबाडीचंच असतं असं नाही, त्या काळी शिल्पाची कल्पना कोणाची हे सांगायची ती पद्धत होती. वाईट हे की काही विक्रेते अजूनही त्यावर अठराव्या शतकाची किंमत लावतात. गुण बघायचे तर द्राक्षांचे घड बघा. चांगल्या प्रतीत प्रत्येक मणी वेगळा, दोन मण्यांमध्ये काळोखी फट. वाईट प्रतीत घडाचा गोळा झालेला असतो. सॅटरच्या मांडीवरचे बोकडासारखे केसही तसेच: छिन्नीने ओढलेले, एकमेकांना छेदणारे केस हवेत, शेवयांसारखे समांतर नकोत.

आता बारी. या सगळ्या यादीत मनापासून शिफारस करावी असा. आंत्वान-लुई बारी, १७९५ ते १८७५. त्याचं ‘थीसियस आणि मिनोटॉर’ १८४३चं, उंची ४६ सेंटिमीटरच्या आसपास. थीसियसचा चेहरा प्राचीन ग्रीक मूर्तीसारखा निर्विकार. बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर अंगाला भिडलेला, पाय एकमेकांत गुंतलेले, आणि आखूड तलवार भोसकण्याच्या एक क्षण आधी थांबलेली. बारी प्राण्यांचं शरीर अभ्यासून घडवणारा, म्हणून बैलाचं डोकं माणसाच्या धडावर खोटं वाटत नाही. मानेपासून खांद्यापर्यंत स्नायूंची साखळी तुटत नाही. तपासायची जागा म्हणजे दोघांच्या पायांमधली पोकळी. छिन्नी तिथे पोचवणं कठीण, म्हणून घाईच्या कामात साच्याच्या जोडाची कड तशीच राहिलेली असते. आरसा आणि छोटा टॉर्च घेऊन आत बघा. मग तलवारीचं पातं आणि मिनोटॉरची शिंगं.

बारीच्या प्रतींचे थर समजून घेतले तर किमतीतला गोंधळ सुटतो. पहिला थर त्याच्या स्वतःच्या कार्यशाळेचा. तो ओतकाम, छिन्नी आणि रंग यांच्यावर जातीने लक्ष ठेवी, आणि सुरुवातीच्या काही प्रतींवर क्रमांक ठोके. १८४८मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि साचे धनकोच्या हाती गेले. ते पुन्हा त्याच्याकडे यायला १८५७ उजाडलं. मृत्यूनंतर १८७६च्या विक्रीत मोठा वाटा बार्बेदिएनने घेतला, हा दुसरा थर. त्याच्या सुरुवातीच्या बारी-प्रतींवर ‘एफ. बी.’ असा छोटा सोनेरी शिक्का जडवलेला सापडतो. तिसरा थर म्हणजे त्यानंतरचं सगळं, नकलांसकट. कार्यशाळेतली प्रत मिळाली तर प्रश्नच नाही, पण तिचा पुरावा क्वचितच पक्का असतो. ‘कार्यशाळेतली असावी’ अशा ऐकीव प्रतीला जास्त पैसे मोजण्यापेक्षा सोनेरी शिक्क्याची बार्बेदिएन प्रत घ्यावी. छिन्नीकाम जरा जास्त एकसारखं असेल, पण ओतकामात फसवणूक होण्याची भीती बरीच कमी. फक्त शिक्काही नंतर बसवता येतो हे लक्षात असू द्या. त्याच्या कडेला गोंदाचा थर दिसतोय का, की तो धातूत रुतलेला आहे?

१८५०च्या सलोंमधला, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनातला, सेंटॉरशी (अर्धा माणूस, अर्धा घोडा) झुंजणारा वीरही बारीचाच, थीसियस या नावानेच तो जास्त ओळखला जातो. सेंटॉरच्या पाठीवर चढून गदा उगारलेली. देखणं काम आहे, पण मोठ्या आकारातच शोभतं. लहान आवृत्तीत गदेचा हात काडीसारखा होतो आणि सांध्याजवळ हलतो. मोठी परवडत नसेल तर त्याच पैशांत मिनोटॉर घ्या.

एमान्युएल फ्रेमिएचा पॅन मात्र बिनधास्त घ्यावा. संगमरवरातलं मूळ १८६७चं, ओर्से संग्रहालयात. बोकडपायाचा पॅन पोटावर पसरून, मध चाखणाऱ्या अस्वलाच्या पिल्लांना काडीने डिवचतोय. देवाचा सगळा दरारा फ्रेमिएने काढून टाकला आहे आणि उरलाय तो खोडकर पोरगा. व्यवहाराच्या दृष्टीनेही सोयीचा: मूर्ती आडवी, तोल पक्का, वर निघालेले हातपाय नाहीत. हातातली काडी तेवढी बघा.

विसाव्या शतकात आलं की नियम बदलतात. आंत्वान बूर्देलचा १९०९चा धनुर्धर हेराक्लिस किंवा मायोलची फळांची देवी पोमोन आणि फुलांची देवी फ्लोर यांत क्रमांक, ओतशाळेचा शिक्का आणि कागदपत्रं यांना खरोखर वजन आहे. ‘आलेक्सी रुदिए’ हा ओतशाळेचा शिक्का दिसला की भाव चढतो. पण आलेक्सी १८९७ साली वारला. त्याच्या मुलाने, यूजेनने, त्याच नावाने ओतशाळा १९५२पर्यंत चालवली आणि नंतर पुतण्या जॉर्ज स्वतःच्या नावाने ओतू लागला. नंतरच्या ओतकामावर जुना शिक्का मारून विकल्याचं मोठं प्रकरण फ्रान्समध्ये १९९०च्या दशकात कोर्टात गेलं. इथे कागद नसेल तर मूर्ती कितीही आवडो, घेऊ नका.

लिलावाची यादी वाचताना ३ मार्च १९८१चा फ्रेंच आदेश माहीत असणं फायद्याचं. कलाकाराचं नाव नुसतं दिलं असेल तर काम त्याचं असल्याची हमी. ‘आत्रिब्यूए आ’ (त्याचं मानलं जाणारं) लिहिलं तर काम त्याच्या काळातलं आणि त्याचं असल्याची गंभीर शक्यता, एवढंच. ‘दाप्रे’ (त्याच्यावरून), ‘दां ल गू द’ (त्याच्या धर्तीचं) असे शब्द आले की ना कलाकाराची हमी, ना काळाची. आणि नव्या नकलेवर ‘रेप्रोद्युक्सियों’ (नक्कल) हा शब्द दिसेल असा आणि पुसला न जाणारा हवा. बैठकीच्या कडेला एखादी आयताकृती जागा घासून गुळगुळीत केलेली दिसली तर हा शब्द तिथे होता का, असं विचारायला संकोच करू नका. बोली लावताना हातोडा पडतो त्या शेवटच्या बोलीच्या किमतीवर लिलावघराचं शुल्क चढतं हेही धरून चला. ते टक्क्यांत असतं आणि चांगलंच जाणवतं.

रंगाबद्दल थोडं. पॅटिना म्हणजे काळाने आलेला मळ नव्हे. ती गरम धातूवर रसायनं लावून केलेली, वरून मेण दिलेली पातळ त्वचा आहे. पोटॅशियम सल्फाइडने तपकिरी, फेरिक नायट्रेटने लालसर, कॉपर नायट्रेटने हिरवी छटा येते. जुन्या मूर्तीत नाक, गुडघा आणि पंखांची टोकं जिथे हात लागतो तिथे रंग विरळ झालेला असतो, आणि ही झीज हळूहळू बाजूच्या गडद रंगात मिसळते. घासून जुनी केलेली मूर्ती नको त्या जागीही घासलेली सापडते: काखेत, वस्त्राच्या घडीच्या तळाशी.

घरी आणल्यावर पितळ चकाकवण्याची पॉलिशं, लिंबू, चिंच यांना तिच्या जवळही फिरकू देऊ नका. एका दुपारात दीडशे वर्षांचा रंग निघून जातो आणि किंमतही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात पुरे. फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी घडीत दिसली तर ते क्लोराइडचं दुखणं. मूर्ती वेगळी ठेवून कोरड्या जागी हलवा आणि संवर्धकाला दाखवा. घट्ट बसलेला, न सुटणारा हिरवा थर असेल तर तसं घाबरण्याचं कारण नाही. उचलताना धड आणि बैठक धरा, हात-पंख कधीच नाही. संगमरवरी बैठक बोल्टने धरलेली असते. तो सैल झाला की नट बोटांनी घट्ट करून वर पान्याने फार तर पाव फेरा द्या. त्यापुढे गेलात तर दगड भोकापासून तडकतो. आणि नट काढलाच तर आटे बघून घ्या: चौकोनी, हाताने कापलेला नट आणि गंजलेली सळई असेल तर जुनी बांधणी, चकचकीत षटकोनी स्टेनलेसचा नट असेल तर निदान बैठक तरी अलीकडची, आणि ते विक्रेत्याने आधीच सांगायला हवं होतं.